गाळणीची साक्ष

गृहस्थाच्या घरात गाळण्याचे काम करणाऱ्या वस्तूंच्या वाट्याला मान सहसा येत नाही. नारळाचा रस ज्या फडक्यातून पिळून काढला, ते फडके धुतले जाऊन दोरीवर पडते, आणि पंगतीत वाहवा होते ती सोलकढीची. घागरीच्या तोंडाला बांधलेले वस्त्र पाहुण्याच्या दृष्टीस पडत नाही. त्याला दिसते ते तांब्यातले नितळ पाणी. चांगले ते पुढे द्यावे आणि वाईट तेवढे स्वतःपाशी ठेवून घ्यावे असे ज्याचे व्रत, त्याचे तोंड दिवसेंदिवस काळेच होत जाणार. आणि ते पुरते काळे झाले की आपण त्याला फेकून देतो. त्याने काय काय अडवून धरले होते, हे पाहण्याची तसदी आपण घेत नाही.

हे विचार आम्हाला सुचले ते एका मोटारीच्या निमित्ताने. आमच्या घरी तीर्थरूपांनी १९८९ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. मूळची ही इटलीची फियाट ११००. १९६४ पासून ती ‘डिलाइट’ या नावाने मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि पुढे सत्तरीच्या दशकात तिचे नामकरण पद्मिनी असे झाले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला ओवाळून निरोप दिल्याचे वाचकांना स्मरत असेल. आमच्या पद्मिनीचे काम त्या मानाने लहान. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आमच्या मातोश्रींना मडगावाहून अंत्रुज महालात कुलदेवतेच्या दर्शनास न्यावे आणि सुखरूप परत आणावे, एवढेच. नव्या मोटारीत बसताना मातोश्रींचे गुडघे कुरकुरतात. या जुन्या बैठकीवर मात्र त्या देवघरातल्या पाटावर बसाव्यात इतक्या सहज बसतात.

गेल्या वर्षी चतुर्थी आटोपल्यावर या गाडीने आम्हाला पेचात टाकले. सपाट रस्त्यावर तिची काही तक्रार नसे. परंतु जुवारीवरचा बोरीचा पूल ओलांडून चढ लागला की ती गचके देई, आणि ऐन वळणावर मान टाकी. दहा मिनिटे स्वस्थ उभी केली की काहीच न घडल्यासारखी पुन्हा चालू लागे. मागून ट्रक येत आहेत आणि आत वृद्ध आई हातातली फुलांची परडी सावरीत मुकाट्याने बसली आहे, अशा स्थितीत काढलेली दहा मिनिटे फार लांब असतात. असे दोनदा झाले. पुण्यास असणाऱ्या आमच्या धाकट्या बंधूंनी गाडी भंगारात देण्याविषयी निर्वाणीचे पत्र धाडले, आणि त्यांचे म्हणणे नुसते उडवून लावण्यासारखे नव्हते. कायद्याप्रमाणे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते व त्यापुढे पाच-पाच वर्षांनी तपासणी होऊन नूतनीकरण होते. आमचे नूतनीकरण २०२४ साली झाले होते. म्हणजे कायद्याने तिला २०२९ पर्यंत आयुष्य दिले होते. प्रश्न घराने ते द्यावे की नाही, हा होता.

तीर्थरूपांच्या काळापासून या गाडीची देखभाल करणारे जे मेस्त, त्यांनी दृष्टी मंदावल्यामुळे आपले दुकान केव्हाच बंद केले आहे. नव्या गॅरेजांतून कार्ब्युरेटरच्या गाडीकडे कोणी ढुंकून पाहत नाही. तेव्हा असा ठराव झाला की मेस्तांनी खुर्चीवर बसून सांगावे आणि हात आम्ही चालवावे. सारा वृत्तांत ऐकून ते म्हणाले की पहिला संशय पेट्रोलच्या फिल्टरचा. टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत एक लहानशी, अंगठ्याएवढी पारदर्शक कुपी बसवलेली असते व तिच्या पोटात घडीदार कागद असतो. सपाटीवर इंजिनाला पेट्रोल थोडे लागते, ते तुंबलेल्या कागदातूनही झिरपते. चढावर मागणी वाढते आणि पुरवठा तेवढाच राहतो. कार्ब्युरेटरची वाटी रिकामी होते आणि इंजिन बंद पडते. दहा मिनिटांत काही गाळ कागदावरून खाली सुटतो, आणि गाडी पुन्हा चालते. कडक उन्हात नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊनही असाच खोळंबा होतो. पण आमची गाडी पावसाळी, थंड सकाळीही थांबली होती, तेव्हा तो संशय आपोआप मागे पडला.

काम हाती घेण्यापूर्वी जागेचा विचार करणे प्राप्त होते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात २३ अंश सेल्सिअसच्या खालीच ज्याची वाफ पेट घेऊ शकते, अशा तेलाला ‘अ’ वर्गात घातले आहे. पेट्रोल तर शून्याखाली पुष्कळ अंशांवरही पेटते. शिवाय त्याची वाफ हवेहून जड. ती वर उडून जात नाही. पाण्यासारखी जमिनीवरून सरपटत जाते आणि वाटेत कुठे ज्योत भेटली तर तिच्या वाटेने ज्वाळा मागे घेऊन येते. हिंदू गृहस्थाच्या घरी तर देवघरात नंदादीप आणि अंगणात तुळशीपुढे दिवा. म्हणून गाडी पोर्चमधून काढून, ढकलीत ढकलीत, वाऱ्याची दिशा पाहून माडांच्या बाजूच्या मोकळ्या जागेत नेली. मातोश्रींनी नुकताच तुळशीपुढे दिवा लावला होता. त्यांनी लांबूनच बजावले, “दिवो शांत जायसर राव.” आम्ही थांबलो. वातीतले तेल संपून दिवा आपणहून शांत झाला, त्यानंतरच बॉनेट उघडले. इंजिन रात्रभर थंड झालेले होतेच. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवून ठेवली, टाकीचे झाकण उघडून आतला दाब जाऊ दिला आणि वाळूची बादली हाताशी घेतली.

पुढचे काम वर्णनाला थोडे आणि करायला नाजूक. नळीवरच्या दोन क्लिपा पेचकसाने सैल केल्या. टाकीकडची नळी उपसताच तिच्या तोंडात स्वच्छ पुसलेला एक बोल्ट बसवला, म्हणजे पेट्रोल वाहून जात नाही. फिल्टरमधले पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून घेतले. नव्या फिल्टरच्या अंगावर एक बाण असतो. त्याचे टोक इंजिनाकडे असले पाहिजे. उलटा बसवला तर गाळ कागदाच्या आतल्या बाजूस साचतो आणि कागद दबून फाटण्याची भीती असते. क्लिप आवळताना मेस्तांनी दोनदा आमचा हात थांबवला. क्लिप नळीवर घट्ट बसावी, नळी कापू नये, एवढेच बळ. मग तार जोडली आणि किल्ली थोडी थोडी फिरवून कुपीत पेट्रोल चढताना पाहिले. ती काठोकाठ भरत नाही, वर थोडी हवा राहते, ते स्वाभाविकच असते. गाडी चालू केली आणि दोन्ही सांध्यांवर कोरडा कागद फिरवला. तो कोरडाच राहिला. इंजिन तापल्यावर पुन्हा फिरवला, तेव्हाही कोरडाच.

आम्ही हात पुसून जुना फिल्टर कचऱ्याच्या डब्यात टाकणार, तोच मेस्त खुर्चीवरून म्हणाले, “जुनो फिल्टर उडयनाकात, वकीलबाब. तो कितें सांगता तें पयलीं आयकात.”

वीस वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आम्हाला हे वाक्य अंतःकरणास जाऊन भिडले. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम अमलात आला आहे. परंतु मुख्य साक्षीदार दारात उभा असता त्याला काहीच न विचारता घालवून देणे, हे ना जुन्या कायद्यात शहाणपणाचे होते ना नव्यात. फिल्टर दोन दिवस सावलीत पूर्ण वाळू दिला. मग करवतीच्या पात्याने हातानेच त्याचे आवरण कापले आणि आतला कागद पांढऱ्या फडक्यावर उलगडला.

साक्ष स्पष्ट होती. कागदाच्या घड्यांत विटकरी रंगाची भुकटी होती. तो टाकीचा गंज. तिच्यात मऊ काळे कण होते. ते रबरी नळीच्या आतल्या अंगाचे. आणि बरणीत पेट्रोलच्या तळाशी पाण्याचे थेंब मण्यांसारखे वेगळे बसले होते. तिन्ही साक्षी एकमेकींना पूरक. २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले, आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक सर्वत्र पोहोचले. इथेनॉल ओलावा ओढून घेते, टाकीत वर्षानुवर्षे चिकटून बसलेला मळ सोडवते आणि जुन्या जातीचे रबर मऊ पाडते. १९८९ सालच्या नळ्या या पेयासाठी केलेल्या नव्हत्या. त्यात आमच्या गोव्याचा चार महिन्यांचा पाऊस आणि अर्धी रिकामी ठेवलेली टाकी! रिकाम्या भागातली दमट हवा रात्री गार होऊन पत्र्यावर पाणी धरते, आणि पाण्याने गंज चढतो.

आम्ही नुसता नवा फिल्टर बसवून थांबलो असतो, तर महिन्या-दोन महिन्यांत बोरीच्या चढावर तोच प्रसंग पुन्हा उभा राहिला असता, आणि दोष मात्र नव्या फिल्टरच्या माथी गेला असता. टाकी उतरवून जाणत्या कारागिराकडून धुऊन घेतली आणि बॅटरीच्या दिव्याने आत पाहिले. गंज वरच्या भागात होता, तळ शाबूत होता. तळ खाल्ला गेलेला असता तर आम्ही स्वतःच्या सहीने गाडी भंगारात पाठवली असती. मातोश्रींच्या जिवापुढे तीर्थरूपांची आठवणही दुय्यम. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घातल्या, आणि पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवण्याचा नियम केला. पाचशे किलोमीटरांनंतर नवा फिल्टरही काढून उघडला. कागदावर चिमूटभर भुकटी होती. त्याच्या पुढचा जवळजवळ कोरा निघाला. ही साक्ष बंधूंना लिहून कळवली, तेव्हा त्यांनी आपला अर्ज मागे घेतला. त्यानंतर मातोश्री कितीतरी सोमवार तो चढ चढून गेल्या.

मेस्तांनी त्या दिवशीचे मोल घेतले नाही. देवळातला प्रसाद तेवढा घेतला. परंतु त्यांच्या वाक्याचे ऋण आम्ही अन्यत्रही वागवतो. १९३३ च्या देवस्थान नियमावलीखाली चालणाऱ्या आमच्या महाजन मंडळांच्या सभांना बसण्याचा योग आम्हाला वारंवार येतो. हिशेब तपासणाऱ्याने एखादा प्रतिकूल शेरा मारला की सभा कुरकुरते. काम अडले, असे म्हणते. आणि पुढच्या वर्षी तपासनीस बदलून मोकळी होते. नवा माणूस येतो, कोरा कागद येतो, काही दिवस सारे सुरळीत वाहते. जुन्या शेऱ्यात काय अडकले होते, तो गंज होता की नुसती धूळ, हे कोणी उलगडून पाहत नाही. घरोघरीही हेच चालते. स्पष्ट बोलणारी आत्या, टोचून विचारणारा जुना कारकून, यांना आपण अडथळा समजून दूर सारतो, आणि मूळ टाकी तशीच राहते.

म्हणून वाचकहो, गाळणी तुंबली तर ती अवश्य बदलावी. तिची किंमत ती काय, दोनशे रुपयांच्या आतली. बाण तेवढा पाहून बसवावी, आणि जवळपास दिवा नाही ना, एवढे बघावे. मात्र जुनी टाकून देण्याआधी ती एकदा पांढऱ्या फडक्यावर उलगडावी. तिने जे अडवून धरले होते ते आपल्याच घरातले असते.