आजीची चूक

१९९६ सालच्या नाताळच्या सुट्टीत आम्ही जयपूरला गेलो होतो. तिथल्या जंतरमंतरमध्ये सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेले सम्राट यंत्र आहे. यंत्र कसले, सुमारे ९० फूट उंच दगडी जिनाच तो! त्याची सावली बाजूच्या कमानीवरील खुणांवरून सरकते आणि वेळ सांगते. सेकंदाला साधारण एक मिलिमीटर. टक लावून पाहिले तर सरकताना दिसते.

माझ्या हातात बाबांचे एचएमटीचे घड्याळ होते. त्यात बारा वाजले होते आणि सावली मात्र जेमतेम साडेअकराच्या पुढे! मी घड्याळ झटकले. माहिती सांगणारे गृहस्थ हसले. म्हणाले, दोन्ही बरोबर आहेत. आपले घड्याळ चालते ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशाच्या रेषेवर. तिथून पश्चिमेकडे दर अंशाला सूर्य चार मिनिटे उशिरा येतो. जयपूरला सुमारे २७ मिनिटे, मुंबईला ३९.

मुंबईचे नाव निघाले आणि मला आजी आठवली.

आजी १९४३ साली कोकणातून मुंबईला आली. आजोबा गिरणीत होते. गावी तिने घड्याळ पाहिलेच नव्हते. सावली पायाशी आली की भाकरी घेऊन शेतावर जायचे, एवढे तिला ठाऊक. पहिल्या दिवशी ती तशीच गिरणीच्या दारात गेली. जेवणाची सुट्टी कधीच संपली होती. आजोबांनी उपाशीपोटी पाळी भरली. "माझ्यामुळं माणूस उपाशी राहिला," हे ती म्हातारपणीसुद्धा बोलून दाखवी. आम्ही पोरे हसायचो. त्याची आता लाज वाटते.

घरी आल्यावर मी वाचनालयात बसून थोडे वाचले. १ जानेवारी १९०६ पासून ही प्रमाणवेळ सुरू झाली. त्याच महिन्यात मुंबईत एका गिरणीच्या कामगारांनी तिच्याविरुद्ध दंगा केला होता. त्यांना पूर्वीपेक्षा ३९ मिनिटे आधी कामावर यावे लागणार होते ना! नगरपालिकेने तर आपली जुनी मुंबई वेळ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. आणि महायुद्धात, १९४२ ते १९४५, सरकारने घड्याळे आणखी एक तास पुढे केली होती. म्हणजे आजी आली त्या वर्षी, डोक्यावर सूर्य यायचा तेव्हा सरकारी घड्याळात पावणेदोनच्या सुमाराची वेळ झालेली असायची!

मी हे सगळे बाबांना सांगितले. आजी तेव्हा हयात नव्हती. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दुसऱ्या दिवसापासनं ती भोंग्याचीसुद्धा वाट बघत नसे. सकाळीच भाकरी बांधून गिरणीच्या भिंतीला टेकून बसायची. मला मांडीवर घेऊन."