एकच टिक

परवा मावशी फोनवर म्हणाली, "रविवारची उपासना मध्येच अडकली रे, रेंज गेली." मला २०२० ची टाळेबंदी आठवली. चर्च बंद. १२ एप्रिलचा ईस्टरसुद्धा मोबाईलवर. मी पुण्यात, मावशी पोलादपूरला, अंगणात रेंज मिळेल तिथे खुर्ची टाकून. गीत एकत्र म्हणता येईना, आवाज पुढेमागे पोचतात. म्हणून सगळ्यांचे माईक बंद. मावशी तरी खड्या आवाजात गायची. दाद द्यायला शेजारची म्हैस!

मग २२ जुलै २०२१. सावित्रीचं पाणी महाडात शिरलं. तळीयेत दरड कोसळली, इकडे पोलादपूर तालुक्यात केवनाळ्यातही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रार्थनांमागून प्रार्थना येत होत्या, आणि मावशीला पाठवलेल्या निरोपापुढे एकच टिक. दोन दिवस मी तेवढंच बघत होतो. तिसऱ्या दिवशी मंडळीतला एक मुलगा चिखल तुडवत तिच्या दारात पोचला. सोबत पाण्याचा कॅन आणि मेणबत्त्या. प्रार्थना करायचं दोघंही विसरले म्हणे.

असो. आता ती उपासना मोबाईलवर बघते, पण प्रभुभोजन मात्र नाही. "भाकर कुणीतरी हातात द्यायला हवी," म्हणते. पुढच्या महिन्यात तिला चर्चला घेऊन जायचंय.