मागं कोण बसतंय?

उन्हाळी सुटीत कोल्हापूरला घरी गेलो, तेव्हा दादाने जुनी स्विफ्ट घेतली होती. ती शर्यतीच्या गाडीसारखी जमिनीलगत करायची, असे आम्ही दोघांनी ठरवले. हाऊसमधल्या मित्रांना फोटो दाखवायचे मी कबूलही केले होते. नवीन स्प्रिंगा महाग, म्हणून "आहेत त्याच कापू या," हा सल्ला माझा.

उद्यमनगरातल्या मिस्त्रीकाकांनी गाडी जॅकवर घेतली. मागचे चाक खाली लोंबले. "स्प्रिंग कापलीस की चाक असं खड्ड्यात उतरल्यावर ती वाटीतनं सुटायची," ते दादाला म्हणाले. "खाली घ्यायचीच तर आखूड पण कडक स्प्रिंग घे, आणि तिच्या मापाचा शॉकॲब्सॉर्बर. जुनाच ठेवलास तर तो सारखा तळाला आपटणार." मग त्यांनी विचारले, "मागं कोण बसतंय?"

आम्ही गप्प झालो. मागे आजी बसते. तिच्या मणक्याचे ऑपरेशन झाले आहे. आमच्या गल्लीच्या तोंडालाच उंच स्पीडब्रेकर आहे.

शाळेत रूट मार्चआधी उस्ताद पिठ्ठूचे वजन आणि पट्टे तपासतात. तो दिसतो कसा, हे कधीच विचारत नाहीत. मला हे माहीत होते, तरी आठवले नाही.

मागचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर तेल गळत होते. दादाने साठवलेल्या पैशांतून तेवढी जोडी बदलली. उंची होती तीच ठेवली.

मित्रांना दाखवायला फोटो नाही. पण जोतिबाला जाताना घाटात आजीला झोप लागली होती.