खोताचं गाव, लालबागची खोली

करी रोडचा पूल उतरून लालबागच्या नाक्याकडे निघालं की मिरची गल्लीतला ठसका आधी भेटतो. तो चुकवत चाळींत शिरलो, गावकीच्या खोल्या पाहायला. कोकणातल्या एकेका गावाने मिळून भाड्याने घेतलेली ही खोली. भिंतीशी ट्रंका, वर ग्रामदेवतेचा फोटो. एक पाळी गिरणीत गेली की दुसरीने पथारी पसरायची.

गावी भात पुरत नव्हतं म्हणून माणसं इथे आली, हे खरंच. पण पिकलेल्यातलं आपलं किती, हाही प्रश्न होता. रत्नागिरी-कुलाब्यात सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत बसलेला. सारावसुली हे त्याचं वतन. त्याच्याखालीही सगळे सारखे नव्हते. धारेकरी आपल्या जमिनीची ठरलेली धारा तेवढी खोतामार्फत भरी. अर्धेली कूळ निम्मं पीक खोताच्या पदरात घाली आणि वर वेठीलाही जाई.

तेराव्या शतकात आइके फॉन रेप्गोने लिहिलेल्या सॅक्सनीच्या कायदेग्रंथात अशीच उतरंड आहे. जमीन धारण करणाऱ्यांच्या सात ‘ढाली’: राजा, धर्मपीठांचे सरदार, मग इतर सरदार, असं खाली खाली. बरोबरीच्या माणसाकडून जमीन घेतली तर दर्जा एक पायरी उतरायचा. नांगर धरणाऱ्याला ढालच नव्हती. अर्धेली कुळाला हे सगळं ओळखीचं वाटलं असतं. ढालीच्या जागी पागोटं, एवढाच फरक.

लालबागहून गेलेल्या मनिऑर्डरीतले पैसेही कधी खोताच्या देण्यात जिरत. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करणारं विधेयक मांडलं, १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर आला. तरी खोती जायला १९४९ चा कायदा यावा लागला.

परतताना भारतमाता टॉकीजपाशी थांबलो. ही जागाही गिरणीचीच. गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेला मालकाला, असा नियम १९९१ मध्ये झाला. २००१ मध्ये ही वाटणी फक्त मोकळ्या, बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. बांधलेल्या गिरण्यांखालची जमीन वाटणीतून सुटली, आणि कामगारांच्या घरांसाठीचा म्हाडाचा वाटाही आटला. निम्मं पीक देणाऱ्या अर्धेली कुळाच्या हाती गिरणी कामगारापेक्षा जास्त राहत होतं, असंच मला वाटतं.