ज्यांना जामीनदार नव्हता

खुस्रो फ्रामुर्झ रुस्तमजींना मी कधी पाहिलं नाही. 2003 मध्ये ते गेले, तेव्हा उज्जैनच्या जिल्हा न्यायालयात माझी वकिली नुकती सुरू झाली होती. कामठीत जन्मलेले हे पारशी गृहस्थ 1958 मध्ये मध्य प्रदेश पोलिसांचे प्रमुख झाले, त्यांच्याच कारकिर्दीत चंबळचा गब्बरसिंग मारला गेला आणि 1965 साली त्यांनी सीमा सुरक्षा दल उभं केलं, एवढं घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलं होतं. पोलीस म्हणजे पकडणारा, याहून जास्त मला कळत नव्हतं.

माझ्या ज्येष्ठ वकिलांनी एकदा हुसैनारा खातून खटल्याचा निकाल हातात ठेवला. ‘‘निकाल नंतर वाच, आधी तो कुठून सुरू झाला ते बघ,’’ म्हणाले. तो सुरू झाला होता रुस्तमजींपासून. निवृत्तीनंतर राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून ते बिहारचे तुरुंग पाहायला गेले. तिथले कच्चे कैदी वर्षानुवर्षं खटल्याविना खितपत पडलेले. जानेवारी 1979 मध्ये त्यांनी ते ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लिहिलं. पुष्पा कपिला हिंगोरानींनी त्यावरून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि खटला वेळेत चालणं हा मूलभूत हक्क ठरला. ज्यांनी आयुष्यभर माणसं तुरुंगात धाडली, त्यांनीच आत शिरून प्रत्येकाची तारीख विचारावी, याचं मोल माझ्या लेखी चंबळच्या मोहिमांहून मोठं आहे.

पुढे विधी सेवेच्या कामासाठी भैरवगढच्या तुरुंगात जाऊ लागलो. चोरीच्या आरोपातला एक मजूर भेटला. जामीन कधीच मंजूर झालेला, पण शेताची ऋणपुस्तिका घेऊन उभा राहणारा जामीनदार त्याला कुठून मिळणार? न्यायालयाचा तो कागद त्यानं चौघडी घालून खिशात जपून ठेवला होता. आम्ही अर्ज केला आणि तो जातमुचलक्यावर सुटला. त्याची तारीख विचारायला मला रुस्तमजींनी शिकवलं होतं. फौजदारी वकिलीत मी टिकून राहिलो तो त्यांच्यामुळे.

तुमच्या ओळखीचं कुणी कच्च्या कैदेत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कैदेतल्या माणसाला मिळकत न पाहता मोफत वकील मिळतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कच्च्या कैद्यांच्या सुटकेबाबतचं कलम 479 त्याला लागू होतं का, तेही विचारा.