आधी पाईप, मग सील

मोटरसायकलचं पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये धरलेलं असतं, त्यांना कंपनीच्या पुस्तकात फ्रंट फोर्क म्हणतात; गॅरेजात ‘चिमटा’ किंवा नुसतं ‘शॉकअप’. आमच्या काळाचौकीत गाड्या बहुतेक उघड्यावरच असतात. अभ्युदयनगरच्या इमारतींखाली, चाळींच्या पन्हाळीखाली, जागा मिळेल तिथे. पूर्वेला कॉटन ग्रीन आणि त्यापलीकडे बंदर, त्यामुळे हवा बारा महिने खारट. जुलै उजाडला की एखाद्या चिमट्यावरून तेलाचा काळपट ओघळ उतरलेला दिसतो आणि मालक म्हणतो, “सील गेलं.” माझं म्हणणं एवढंच, की सील सहसा आपण होऊन जात नाही. त्याला घालवलं जातं.

रचना साधी आहे. वरचा चकचकीत क्रोमचा पाईप खालच्या जाड नळीत वरखाली होतो. आत स्प्रिंग आणि तेल. स्प्रिंग वजन पेलते. तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि गाडीला नाचू देत नाही. बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर-१२ या गाडीला तेलाचा असा चिमटा दिला, आणि आज आपल्या गल्लीतल्या बहुतेक मोटरसायकली त्याच तत्त्वावर चालतात. हे तेल आत राखायचं काम करतं रबराचं एक कडं. त्याच्या आतल्या पातळ ओठाला भोवतीची केसासारखी बारीक स्प्रिंग पाईपवर दाबून धरते. त्याच्या वर डस्ट सील, धूळ अडवायला. दाब, वेग, पाऊस, सगळं त्या ओठाच्या धारेवर.

आमच्या मजल्यावरचा एक मुलगा घरोघरी पार्सलं पोचवतो. पूर्व मुक्तमार्ग इथून जवळ, पण त्यावर दुचाकीला बंदी. त्यामुळे चेंबूरकडे जायचं तर खालून, ट्रकांच्या रस्त्याने. पावसात त्याचं डावं सील गळलं. गॅरेजवाल्याने त्याच दिवशी नवं टाकून दिलं. तीन आठवड्यांत पुन्हा ओघळ. “काका, सील नवीन, तेल नवीन, तरी परत तेच!” तो वैतागला होता. गाडी बंद म्हणजे दिवसाची कमाई बंद. मी त्याला पाईपवरून नख फिरवायला सांगितलं. सीलच्या चार बोटं वर नख अडकलं. गंजाचा खड्डा, मोहरीपेक्षा लहान.

रोजच्या सपाट रस्त्यावर पाईपचा थोडाच भाग सीलमधून ये-जा करतो आणि तो घासून स्वच्छ राहतो. वरचा भाग तसाच राहतो. त्यावर चिखल वाळतो, खारी हवा बसते, क्रोमखाली गंज धरतो. मग लालबागच्या वळणावर पाण्याने भरलेला खड्डा येतो, चिमटा पूर्ण दबतो, आणि तो खरबरीत भाग रबराच्या ओठातून कानशीसारखा जातो. दोष खड्ड्यात नव्हता, असं नाही. पण तयारी आधीच झाली होती. मे महिन्यात महिनाभर गावी जाणाऱ्यांच्या गाड्या अशाच तयार होतात: कव्हराखाली, दमटीत, न हलता.

नुसतं तेल गेलं असतं तर चाललं असतं. पण पुढचा डिस्क ब्रेक त्याच पायाला असेल, तर ओघळ कॅलिपरवर आणि डिस्कवर उतरतो. तेल प्यालेले ब्रेक पॅड धरत नाहीत, ते बदलावेच लागतात. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही, तेलकट पॅडला पकड देत नाही. ओल्या रस्त्यावर, मागे कुणी बसलेलं असताना, हा फरक कळतो.

म्हणून क्रम असा: आधी पाईप, मग सील. रोज गाडी लावताना ओल्या फडक्याने पाईप पुसायचा, मग कोरड्याने. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा सीलवर मारू द्यायचा नाही, कचरा आत जातो. ओघळ नुकताच सुरू झाला असेल तर डस्ट सील वर सरकवून जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची पट्टी ओठाखालून हलकेच फिरवावी. कित्येकदा अडकलेला वाळूचा कण निघतो आणि गळती थांबते. वर आलेला खवला दोन हजार नंबरच्या पाणीपेपरने मारता येतो. खोल खड्डा मात्र राहतोच. तिथे पाईप बदलणं किंवा हार्डक्रोम करून घेणं, एवढेच मार्ग. तेल भरताना पुस्तकातला ग्रेड आणि माप पाळायचं. जास्त भरलं तर आतली हवा दाबली जाते आणि भार पुन्हा सीलवरच येतो.

गिरण्या चालू होत्या तेव्हा साच्यांना तेल घालणारा माणूस वेगळा असे. कापड त्याच्या नावावर कधी मोजलं गेलं नाही, पण त्याच्याशिवाय ते निघतही नव्हतं. दसऱ्याला आजही इथे हँडलला झेंडूचा हार पडतो. त्याच्या वीतभर खाली तो पाईप असतो. त्याला वर्षातून एक दिवस पुरत नाही.

त्या मुलाने शेवटी पाईप बदलला. आता त्याच्या सीटखाली जुन्या बनियनचं एक फडकं असतं. पार्सल तयार व्हायची वाट बघताना तो ते काढतो.