गुडघ्यातून निघून गेलेलं दुखणं

माझ्या हृदयाला सूज आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्या सुजेची झळ मेंदूपर्यंत पोहोचली तेव्हा एकेचाळीस. मधल्या काळात मी डी.एड. केलं, सटाण्यात शिक्षिका झाले, संसार मांडला, मुलगी झाली. हे दोन आजार एकच आहेत, हे मात्र मला कुणी समजावून सांगितलं ते पक्षाघात होऊन गेल्यावर.

आमचं गाव मोसम खोऱ्यात, हरणबारी धरणाच्या खालच्या अंगाला. घर दोन खणांचं आणि माणसं भरपूर. थंडीत एकाचा घसा धरला की आठवड्याभरात सगळ्या पोरांचा धरायचा. १९८७ च्या हिवाळ्यात माझाही धरला. हळद-मिठाच्या गुळण्या केल्या, चार दिवसांत मोकळा झाला. दोन-तीन आठवडे गेले आणि उजवा गुडघा सुजला. लालभडक, गरम, गोधडीचा नुसता स्पर्शही सोसवेना. तो उतरतो न उतरतो तोच डावा घोटा धरला, मग कोपर. माय म्हणायची, दुखणं अंगभर हिंडतंय. देवमामलेदारांची यात्रा त्याच सुमाराला होती, मार्गशीर्ष वद्य एकादशीची. दरवर्षी मी पाळण्यासाठी हट्ट करायचे. त्या वर्षी आबांनी मला खांद्यावर बसवून सटाण्यात आणलं ते आधी डॉक्टरकडे आणि मग रथाकडे.

डॉक्टरांनी गुडघ्याकडे फारसं पाहिलंच नाही. नळी छातीला लावून बराच वेळ ऐकत राहिले. आबांना म्हणाले, "सांधे बरे होतील. हिच्या हृदयात आवाज येतोय." ॲस्पिरिनच्या गोळ्या सुरू झाल्या, इतक्या की कानात रातकिड्यांसारखी किर्र वाजायची. दर एकवीस दिवसांनी कमरेत पेनिसिलिनचं इंजेक्शन. ते औषध दुधासारखं पांढरं आणि दाट. सुईत अडकायचं, मग सुई बदलून पुन्हा टोचायचे. दोन दिवस त्या अंगावर झोपता येत नसे. सांधे खरंच बरे झाले. मी धावायला लागले, शाळेच्या खो-खोच्या संघात आले. काही वर्षांनी गावाजवळच्या एका दवाखान्यात सांगितलं, "आता पोरगी ठणठणीत आहे, कशाला टोचता?" इंजेक्शन थांबलं.

शरीरात काय चाललं होतं ते मी पुढे वाचून, डॉक्टरांना विचारून समजून घेतलं. माझा घसा ज्याने धरला तो जंतू स्ट्रेप्टोकोकस जातीचा. त्याच्या अंगावर 'एम' नावाचं प्रथिन असतं आणि त्याची ठेवण आपल्या हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिनशी बरीच जुळते. जंतूवर सोडलेली शरीराची फौज मग जंतू मेल्यावरही हृदयावर तुटून पडते. हृदयाचं बाहेरचं आवरण, मधला स्नायू, आतलं अस्तर, तिन्ही सुजतात. जर्मनीचे लुडविग आशॉफ यांनी १९०४ साली अशा रुग्णांच्या हृदयाच्या स्नायूत बारीक गाठी दाखवल्या. त्या आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. स्नायूची सूज बहुतेकदा ओसरते. झडपांचं तसं नाही. त्या जाड होतात, त्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात, आणि घशाला पुन्हा तोच जंतू लागला की जुन्या जखमेवर नवी सूज चढते. एकवीस दिवसांचं इंजेक्शन सांध्यांसाठी नसतंच. ते ही पुढची सूज अडवण्यासाठी असतं. एवढं एक वाक्य आबांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी जमीन गहाण ठेवून ते चालू ठेवलं असतं.

पाश्चात्त्य देशांत झडप अरुंद व्हायला वीस-तीस वर्षं लागतात असं पुस्तकांत लिहिलेलं असे. दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. एस. बी. रॉय आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं की भारतात कोवळ्या पोरांच्या झडपाही आवळून गेलेल्या असतात. माझी कळली ती २००३ साली, मुलीच्या वेळी, पाचव्या महिन्यात. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण जवळजवळ दीडपट होतं. अरुंद दारातून ते जायचं कसं? रात्री आडवं झालं की जीव घुसमटायचा, उशांची चळत लावून मी बसून झोपायचे. निरोगी मायट्रल झडप, म्हणजे डाव्या दोन कप्प्यांमधली, चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते. माझी एकसुद्धा उघडत नव्हती. मुंबईला नेऊन फुग्याने ती रुंद केली. हा फुगा जपानच्या कांजी इनोउए यांचा. १९८४ साली त्यांनी तो जगापुढे मांडला. मांडीच्या शिरेतून हृदयात गेलेला तो फुगा पडद्यावर मी स्वतः पाहिला. फुगताना आधी एक टोक, मग दुसरं, मधोमध झडपेची पकड, अगदी डमरू. मग ती पकड सुटली. त्या रात्री मी आडवी होऊन झोपले. मुलगी पूर्ण दिवसांची झाली.

पण डावा वरचा कप्पा तोवर ताणून मोठा झाला होता. सुजेने आणि दाबाने त्याच्या स्नायूत ठिकठिकाणी व्रण धरलेले. २०१४ पासून नाडी वेडीवाकडी चालायला लागली. डॉक्टरी भाषेत एट्रियल फिब्रिलेशन. कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. त्याच्या कोपऱ्यात एक छोटी पिशवी असते, तिथे रक्त साचतं आणि साकळतं. त्या गुठळीचा तुकडा सुटला की मानेतल्या धमनीतून सरळ मेंदूत. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास झालाय. १९७८ साली त्यातून निघालं की नाडी अशी झाली तर पक्षाघाताचा धोका पाचपट होतो. आणि जोडीला लहानपणीच्या या दुखण्याने बिघडलेलं हृदय असेल, तर सतरापट. हृदयाच्या स्नायूची सूज मेंदूला गाठते ती एवढ्या एकाच वाटेने नाही. कॉक्सॅकीसारख्या विषाणूंनी, कोरोनानेही, स्नायू सुजून मंदावला तर खालच्या कप्प्यात गुठळी धरू शकते. ब्राझीलच्या कार्लोस शागास यांनी १९०९ साली वर्णन केलेल्या आजारात परजीवी हृदयाच्या स्नायूत घर करतो, आणि दक्षिण अमेरिकेतल्या कितीतरी गरिबांना त्यातून पक्षाघात होतो. आपल्याकडे मात्र तरुण बाईला अर्धांगवायू झाला, तर लहानपणी सांधे सुजले होते का, हे आधी विचारावं.

मला रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली. ती नीट चालली होती. २०१९ च्या डिसेंबरात दाढ काढायची ठरली, आणि जिथे काढायची तिथे सांगितलं, गोळी आठवडाभर बंद करा, नाहीतर रक्त थांबणार नाही. साधी दाढ काढायला ही गोळी सहसा बंद करावी लागत नाही. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे तो आकडा, तपासून, जागेवरच रक्त थांबवायची तजवीज करून दाढ काढता येते. हे आज मी भेटेल त्याला सांगते.

दाढ निघाली. तिसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर सात पाचच्या प्रादेशिक बातम्या लागल्या आणि मी ह्यांना आवाज वाढवायला सांगितलं. ते माझं शेवटचं धड वाक्य. हातातली कपबशी खाली पडली. "फडकं द्या" हे मनात लख्ख होतं, तोंडातून मात्र नुसता घोगरा आवाज निघाला. उजवा हात टेबलावर पडलेला मला दिसत होता, तो माझा वाटत नव्हता. शेजारच्या काकू धावत आल्या, "काय व्हयनं? कांदा हुंगाडा" म्हणाल्या. मुलीने माझ्याकडे एकदा पाहिलं, मला हसायला सांगितलं, तोंड एका बाजूला गेलेलं बघितलं आणि १०८ ला फोन लावला. दहावीतली पोर ती.

मालेगाव जवळ, पण सटाण्याच्या आमच्या डॉक्टरांनी नाशिकला फोन करून मेंदूचे डॉक्टर आणि स्कॅन दोन्ही तयार आहेत याची खात्री करून घेतली आणि गाडी तिकडेच काढायला लावली. देवळा, भावडबारीचा घाट, सोग्रस फाटा, मग महामार्ग. प्रत्येक गतिरोधक मला आठवतो. दारातच पहिला प्रश्न आला: "शेवटच्या नीट कधी होत्या?" ह्यांनी ठाम सांगितलं, सात पाच. बातम्या नसत्या तर इतकं नेमकं सांगता आलं नसतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणजे अकरा पस्तीसपर्यंत. मला पावणेअकराला मिळालं. ही मुदत आधी तीन तासांचीच होती. २००८ साली युरोपातल्या चाचणीने ती साडेचारपर्यंत नेली. त्याआधी मला हा झटका आला असता, तर दहा पाचलाच दार बंद झालं असतं.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी नंतर सांगितली, ती ऐकून मला रडू फुटलं. माझा आयएनआर त्या दिवशी १.३ होता. तो १.७ च्या वर असता, तर रक्तस्रावाच्या भीतीने ते इंजेक्शन देता आलं नसतं. गोळी बंद केल्यामुळे गुठळी होण्याचा धोका वाढला, आणि गोळी बंद होती म्हणूनच ती विरघळवता आली.

हात महिन्याभरात बराच सुधारला. बोलणं नाही. पाण्याचा पेला समोर धरून विचारायचे, "हे काय आहे?" मला माहीत असायचं आणि सांगता यायचं नाही. पण "बे एके" म्हणून कुणी सुरुवात करून दिली की मी बे दाही वीसपर्यंत न अडखळता जायचे. वर्षानुवर्षं घोकलेलं मेंदू निराळ्या जागी जपून ठेवतो म्हणे. मग गावाहून माय आली. तिने तोच पेला धरला आणि विचारलं, "हाई काय शे?" माझ्या तोंडून निघालं, "पानी." सगळे थबकले. माणूस दोन भाषांत वाढलेला असेल तर कोणती आधी परत येते, यावर फ्रेंच पंडितांचा जुना वाद आहे. रिबो म्हणाले, लहानपणची. पित्र यांनी १८९५ साली म्हटलं, रोजच्या वापरातली. माझ्या रोजच्या वापरात शाळेची मराठी होती. आली ती अहिराणी. बोली बोलू नका असं मुलांना आम्ही शिक्षकच सांगत आलो. पण माझ्या वाचेला रस्ता तिनेच करून दिला. फिजिओथेरपिस्ट ताईंनी मग मायलाच रोज समोर बसवलं. शेतातल्या गोष्टी, नातेवाइकांची भांडणं, कांद्याचा भाव. त्यातून वाक्यं आली, आणि प्रमाण मराठी त्यांच्या मागून.

गोळी पुन्हा सुरू झाली, आता जन्मभराची. निळ्या टोपणाच्या नळीत रक्त द्यायचं, आयएनआर दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा. थंडीत मेथी-पालक स्वस्त झाला की माझा आकडा खाली घसरतो, कारण हिरव्या पाल्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं. भाजी सोडायची नाही, रोज सारख्या मापाने खायची. या औषधाच्या घराण्याचं मूळही शेतकऱ्याच्या गोठ्यातलंच. १९३३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड आणि तिच्या न गोठणाऱ्या रक्ताचा डबा घेऊन विद्यापीठात गेला. तिने सडका चारा खाल्ला होता. कार्ल पॉल लिंक यांनी त्या चाऱ्यातून रसायन शोधलं, त्यातून पुढे वॉरफरिन आलं.

२०२१ मध्ये एका दवाखान्यात मला सुचवलं गेलं, आता नवी गोळी आहे, ती घ्या, रक्त तपासायची कटकट नाही. मोह झाला. पण आमचे हृदयाचे डॉक्टर म्हणाले, "थांबा. ती गोळी तुमच्यासारख्यांवर तपासलेलीच नाही." खरंच होतं ते. नव्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांत आवळलेल्या मायट्रल झडपेचे रुग्ण वगळलेले होते. श्रीमंत देशांत हा आजार जवळजवळ उरलाच नाही, मग आमच्यावर पैसा कोण घालणार? शेवटी २०२२ साली 'इन्व्हिक्टस' चाचणीचा निकाल आला. भारतासह आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतले चोवीस देश, साडेचार हजार रुग्ण, सरासरी वय पन्नास, आणि शंभरात बहात्तर बायका. एका गटाला नवी गोळी, दुसऱ्याला जुनी. सगळ्यांचा अंदाज होता, नवी निदान बरोबरीची तरी ठरेल. जुन्या गोळीवरची माणसं कमी दगावली, आणि रक्तस्रावही त्यांच्यात जास्त झाला नाही. ती बातमी मी दोनदा वाचली. आपल्यासारख्या बायकांना पहिल्यांदाच कुणीतरी हिशेबात धरलं, असं वाटलं.

शाळेत आता सरकारी पथक मुलांना तपासायला येतं. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हृदयाचा हा आजारही आहे. पण पथक रोज नसतं, वर्गात मी रोज असते. घसा दुखून गेल्यावर कुणी लंगडायला लागलं की मी पालकांना बोलावून घेते. परवा सहावीतल्या एका मुलीचे वडील आले. तिचं निदान झालंय, झडप थोडी गळते आहे, दर एकवीस दिवसांचं इंजेक्शन चालू आहे. त्यांना डाळिंबाची बाग सोडून तिला घेऊन जावं लागतं, तिचं रडणं बघवत नाही. त्यांनी विचारलं, "बाई, आता तर पळते ती. किती दिवस टोचायचं हे?"

"झडपेला इजा झाली आहे दादा," मी म्हटलं. "निदान दहा वर्षं. कदाचित चाळिशीपर्यंतही."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि पुढची तारीख कशी लावून ठेवायची ते मला विचारलं.